एपकॉटची रात्रीची आतषबाजी: 'इल्युमिनेशन्स'ची सर कुणालाच का येत नाही?

सांजवात:

फ्लोरिडा सहलीच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय की तिथलं डिस्नेचं एपकॉट पार्क संध्याकाळी सहापर्यंत उरकून निघालात तरी चालेल, रात्रीचा शो काही खास नाही. ते वाचल्यापासून हात शिवशिवतायत. एके काळी लोक दिवस दुसऱ्या पार्कात घालवून रात्री फक्त त्या शोसाठी एपकॉटला यायचे हो!

१ ऑक्टोबर १९९९ ते ३० सप्टेंबर २०१९, पुरी वीस वर्षं, तिथल्या तळ्यावर 'इल्युमिनेशन्स : रिफ्लेक्शन्स ऑफ अर्थ' हा शो होत असे. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी बसवला होता, पण लोकांनी तो जाऊच दिला नाही. त्यानंतर त्याच तळ्यावर 'एपकॉट फॉरेव्हर', 'हार्मोनियस' आणि आता 'ल्युमिनस' असे तीन आले. मी तिन्ही पाहिले. तिघांची बेरीज केली तरी जुन्याची सर नाही, हे माझं ठाम मत. आता बोला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एपकॉटच्या मागच्या भागात मोठं तळं आहे आणि काठाकाठाने अकरा देशांची दालनं, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. (त्यात भारत नाही, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.) शो तळ्याच्या मध्यात, त्यामुळे त्याला समोरची बाजू अशी नाहीच. काठावर १९ मशाली पेटलेल्या, सरलेल्या एकेका शतकाची एक. निवेदक 'चला, गोष्ट सांगतो' अशा अर्थाचं दोन-तीन वाक्यांत बोलायचा आणि फुंकर मारायचा. त्या फुंकरीसरशी सगळ्या मशाली विझायच्या. मिट्ट काळोख. हजारो माणसं आणि कुणी चकार शब्द काढत नाही. मग एक ठिणगी तळ्यावरून सर्रकन जायची आणि स्फोट. पुढची काही मिनिटं नुसता आगीचा कल्लोळ, तराफ्यावरून प्रोपेनच्या ज्वाळा उठायच्या आणि काठावर उभ्या माणसाच्या गालाला चटका जाणवायचा. सृष्टीचा जन्म म्हणतात तो हाच. मग सगळं शांत होऊन २८ फूट व्यासाचा पृथ्वीचा गोल पाण्यावरून हळूहळू मध्यात यायचा. त्याचे खंड म्हणजे व्हिडिओचे पडदे, समुद्राच्या जागी मोकळी जाळी. शेवटी तो गोल कमळासारखा उघडायचा आणि आतून विसावी मशाल वर यायची.

यात मिकी नाही, राजकन्या नाही, एकाही सिनेमाचं गाणं नाही. संगीत पूर्ण नवं, गॅव्हिन ग्रीनवेचं. शब्द असलेलं गाणं येतं ते थेट शेवटाकडे. माझं म्हणणं एवढंच की आतषबाजीला गोष्ट सांगता येते, तिला सिनेमाची कुबडी लागत नाही. हे डिस्नेनेच सिद्ध केलं आणि डिस्नेच विसरलं.

---

मिरचीकोथिंबीर:

धागा छान, मत अजिबात मान्य नाही.

माझी मुलं सहा आणि नऊ वर्षांची. त्यांना सृष्टीचा जन्म वगैरे काही नको असतं. त्यांना मॅजिक किंगडम या डिस्नेच्या शेजारच्या पार्कातल्या किल्ल्यावर सिनेमातली एल्सा हवी, मोआना हवी आणि तिचं गाणं बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायचं असतं. तिथला 'हॅपिली एव्हर आफ्टर' हा शो चालू असताना आमच्या आजूबाजूला सगळी मोठी माणसं रडत होती, त्यात आमचे हेही. १८९ फुटांचा तो किल्ला त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशचित्रांनी बघता बघता नोत्र दामचं चर्च होतो, मग आणखी काही होतो आणि मागे आभाळ पेटतं. याला कुबडी म्हणायचं?

'इल्युमिनेशन्स' मी लग्नानंतर लगेच पाहिला होता. सुंदरच होता. पण खरं सांगा, गोल फिरत असताना मधली पाच मिनिटं जांभई आली नव्हती का कुणाला?

---

चिंचोका:

आली होती. +१

---

सांजवात:

@मिरचीकोथिंबीर, जांभईला माझा आक्षेप नाही. ती संथ जागा होती म्हणून तर पुढचा शेवट अंगावर यायचा. आत्ताच्या शोंमध्ये श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीत, पहिल्या सेकंदापासून धडाडधूम.

---

तळेगावकर_टँपा:

'हार्मोनियस'बद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. २०२१च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला आणि २ एप्रिल २०२३ला गाशा गुंडाळला. दीड वर्ष. जाहिरात अशी की जगातला एक अतिभव्य रात्रीचा शो. कल्पना वाईट नव्हती: डिस्नेची गाणी वेगवेगळ्या देशांच्या कलाकारांनी आपापल्या भाषेत आणि ढंगात गायची. ध्वनिमुद्रण उत्तमच आहे, मी अजून गाडीत ऐकतो.

पण ते तराफे! तळ्याच्या मध्यात एक अवाढव्य गोल कडं आणि भोवती चार वाकडे पडदे. चाहत्यांनी त्यांना 'टॅको' (दुमडलेली मेक्सिकन पोळी) नाव ठेवलं. जुना पृथ्वीचा गोल दिवसा बाजूला नेऊन ठेवायचे. हे टॅको मात्र चोवीस तास तळ्यात ठाण मांडून. मेक्सिकोच्या काठावर उभं राहून पलीकडचं जपान बघावं तर मध्ये लोखंड. आणि रात्री पडद्यांवर काय चाललंय ते नीट दिसायला ठरावीक कोनातच उभं राहावं लागायचं. लग्नात व्हिडिओवाला नवरा-नवरीच्या आणि आपल्या मध्ये येऊन उभा राहतो ना, अगदी तसं.

---

मिरचीकोथिंबीर:

व्हिडिओवाला 😂 हे मात्र पटलं.

---

बाणवाला:

मी केमिकल इंजिनियर, आतषबाजी हा जुना नाद. सध्या मुक्काम न्यू जर्सी. दोन्ही बाजूंना थोडं सरपण पुरवतो.

संगीताच्या ठेक्यावर गोळा फुटणं हे दिसतं तितकं सोपं नाही. मोठा शेल, म्हणजे आभाळात जाऊन फुटणारा गोळा, नळ्यातून सुटल्यावर वर पोचायला चार-पाच सेकंद घेतो. म्हणजे ज्या ठेक्यावर तो फुटायला हवा, त्याच्या चार-पाच सेकंद आधी तो उडवावा लागतो. प्रत्येक आकाराच्या शेलचा वेळ वेगळा, त्यामुळे सगळं उलट्या क्रमाने मोजून संगणकाच्या टाइमकोडला बांधलेलं असतं. वर आवाजाचं त्रांगडं आहे. उजेड तत्क्षणी दिसतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगाने येतो. तुम्ही ३०० मीटरवर असाल तर धमाका जवळजवळ सेकंदभर उशिरा ऐकू येणार आणि संगीत मात्र शेजारच्या खांबावरच्या स्पीकरमधून वेळेवर. म्हणून डोळ्यांचा ठेका जुळवतात, कानांचा सोडून देतात. ढोलाच्या जागी स्फोटाचा आवाज वापरायचा मोह चांगला दिग्दर्शक टाळतो.

दुसरं, निळा रंग. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, हे दोन्ही गुणी आहेत. निळा तांब्याच्या संयुगांतून काढतात आणि ज्वाला जरा जास्त तापली की तो फिका पडतो. कुठल्याही शोमध्ये गडद, स्वच्छ निळा दिसला की समजा, पैसे खर्च केलेत आणि माणसं जाणती आहेत. 'इल्युमिनेशन्स'चा निळा चांगला होता, पण 'विशेस'चा त्याहून.

'विशेस'ला या धाग्यात कुणी आठवलंच नाही, याचं आश्चर्य वाटतं. मॅजिक किंगडमला ऑक्टोबर २००३ ते मे २०१७ चालला. निवेदक 'पिनोकिओ' सिनेमातला रातकिडा जिमिनी क्रिकेट. किल्ल्यावर चित्रं जवळपास नाहीतच, गोष्ट सगळी आभाळात. एकच तारा किल्ल्यावरून कमानीत जातो आणि तेवढ्याने सुरुवात होते. सांजवात, तुमचा मुद्दा सिद्ध करायला तो शो जास्त उपयोगी आहे. त्यात पात्रं डिस्नेचीच होती, तरीही शोभेची दारूच गोष्ट सांगत होती. त्यामुळे भांडण सिनेमाशी नाही, पडद्याशी आहे.

---

सांजवात:

@बाणवाला, 'भांडण पडद्याशी आहे' हे माझ्या धाग्याच्या नावापेक्षा चांगलं मांडलंत. घेते.

---

जुनीपानं:

वाचनमात्र होतो, पण 'आतषबाजीने गोष्ट सांगणे' वाचून आत आलो.

आपल्याकडे हे जुनं आहे. बखरीत एक वर्णन येतं. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्याला आले तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगितली. तिथला राजा शहराबाहेर 'दारूखान्याची लंका' करी. मध्ये रावण, भोवती राक्षस, वानर आणि एक मोठा हनुमान, सगळी चित्रं दारूची. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडून लंकेतली एकेक घरं पेटवत सुटे. ऐकून पेशव्यांनी तसंच दारूकाम पुण्यात पर्वतीपाशी करवलं आणि सगळं शहर बघायला लोटलं.

तर मिरचीकोथिंबीरताई, तेव्हाही प्रेक्षकांना पात्रं आणि कथानक आधीपासून पाठ होतं. रामायण ठाऊक नसलेल्याला त्या लंकेत काय मजा आली असती? सिनेमाच्या गाण्यांवर इतका राग नको. पण पडदा नव्हता, हेही खरं. पेटलेली शेपटी हाच पडदा.

---

चिंचोका:

पेशवेकालीन नाइटटाइम स्पेक्टॅक्युलर! जुनीपानं, दंडवत.

---

नागपुरी_संत्रं:

एवढं गुणगान चाललंय तर धुराबद्दलही बोलू. 'इल्युमिनेशन्स'ला वाऱ्याच्या खालच्या अंगाला सापडलात तर शेवट ऐकायचा फक्त, दिसत काही नसे. तेव्हाचे जाणते लोक आधी मशालींच्या ज्योती कुठे झुकतात ते बघायचे आणि मग जागा धरायचे.

डिस्नेने २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये शेल उडवायला काळ्या दारूऐवजी दाबलेली हवा वापरायला सुरुवात केली. जमिनीलगतचा धूर कमी आणि उडण्याची वेळही जास्त अचूक, बाणवाला यांच्या टाइमकोडला सोयीचं. तिथे आसपास दाट वस्ती असल्याने गरजही होती. आकाशात फुटणाऱ्या दारूचा धूर मात्र असतोच.

आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ग्रीन फटाक्यांचं सूत्र तयार केलं, तेही याच दुखण्यावरचं औषध. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषणाचे फटाके आणि दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली. मोहल्ल्यात कोण पाळतं ते विचारू नका. पण डिस्नेसारखा फटाक्यांचा बडा गिऱ्हाईक रोज रात्री दारू उडवतो आणि आपण पोराला फुलबाजीवरून रागावतो, याची गंमत वाटते. मला हे शो आवडतात, बरं का. तरी वाटते.

---

पॅरिसची_पोळी:

यावर उत्तर ड्रोन. डिस्नेलँड पॅरिसला २०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसाला शोच्या आधी ड्रोनने किल्ल्यावर '३०' आकडा काढायला सुरुवात केली. धूर नाही, दणका नाही, कुत्री घाबरत नाहीत. पहिल्यांदा बघताना तोंडाचा आ झाला. दुसऱ्यांदा मात्र मोबाइलवर मेसेज बघत होते. ड्रोन चुकत नाहीत, हीच त्यांची अडचण असावी. दारूचा प्रत्येक गोळा थोडा वेगळा फुटतो, त्याच्या फांद्या वाऱ्याने वाकतात आणि ठिणग्या कुठे विझतील ते कुणालाच माहीत नसतं.

---

निवांतपणा:

अवांतर पण राहवत नाही. किल्ल्यावरून टिंकरबेल ('पीटर पॅन'मधली परी) उडत येते, त्याची सुरुवात कुणी केली माहितेय? १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये टायनी क्लाइन नावाच्या बाईंनी. हंगेरीत जन्मलेल्या, सर्कशीत आयुष्य घालवलेल्या. आणि तेव्हा त्यांचं वय होतं सत्तरच्या घरात! पार्कातल्या मॅटरहॉर्न या बनावट डोंगरावरून तारेला लटकून खाली यायच्या, पलीकडे माणसं गादी धरून उभी. आमच्या आईला सांगितलं तर म्हणाली, "आणि मला तुम्ही जिना चढू देत नाही."

---

तळेगावकर_टँपा:

@निवांतपणा, काकूंना नमस्कार सांगा.

मूळ विषयाकडे. मॅजिक किंगडममध्ये पन्नाशीच्या निमित्ताने २०२१ च्या १ ऑक्टोबरला 'एन्चांटमेंट' आला आणि लाडका 'हॅपिली एव्हर आफ्टर' काढला. पडद्यांची हौस अशी की किल्ला पुरला नाही म्हणून त्याच्यासमोरच्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या दुकानांच्या भिंतींवरही चित्रं. चाहत्यांनी पहिल्या रात्रीपासून कुरकुर केली: पन्नासाव्या वाढदिवसाला वॉल्ट डिस्नेचा साधा उल्लेख नाही? मग पुढच्या वर्षी तो भाग जोडला. आणि ३ एप्रिल २०२३ ला जुना शो परत, त्याच रात्री एपकॉटमध्येही 'हार्मोनियस' जाऊन 'एपकॉट फॉरेव्हर' परत. म्हणजे एका रात्रीत दोन्ही पार्कांत घड्याळ मागे.

यातून धडा काय घ्यायचा? सांजवात म्हणतील पडदे हरले. मी म्हणेन, नाही. 'हॅपिली' परत आला तेव्हा मेन स्ट्रीटच्या भिंतींवरची चित्रं त्यालाही चिकटवलीच. माझ्या मते लोकांना पडद्याचा राग नव्हता. त्यांना शोची बांधणी हवी होती. 'हॅपिली'त स्वप्न, प्रवास, संकट, मग उभारी अशी चढण आहे. 'एन्चांटमेंट'मध्ये एकामागून एक छान तुकडे होते, चढण नव्हती.

---

सांजवात:

@तळेगावकर_टँपा, बांधणीचं मान्य. पण मला सांगा, 'हॅपिली' तुम्ही किल्ल्याच्या मागून कधी पाहिलाय? फँटसीलँडमधून? नुसते फटाके दिसतात, गोष्ट गायब. ज्याने समोरची जागा दीड तास आधी धरली त्याचा शो एक, बाकीच्यांचा दुसरा. 'इल्युमिनेशन्स'ला तळ्याला साधारण दोन किलोमीटरचा काठ होता आणि सगळीकडून बराचसा तोच शो. मला ती समानता जास्त भावते. आणि देशांच्या इमारतींच्या कडा दिव्यांनी उजळायच्या, पण मोरोक्कोचा मनोरा अंधारात, कारण तो मशिदीच्या मनोऱ्याची प्रतिकृती. कुणाला तरी हे पाळावंसं वाटलं, यावर मी त्या शोला निम्मे गुण देते.

---

कानात_बोळे:

एक वेगळी बाजू. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, त्याला दणके सहन होत नाहीत पण रंग अतोनात आवडतात. आमच्यासाठी 'कुठून बघायचं' हाच सगळा प्रश्न. मॅजिक किंगडमच्या समोरच्या तळ्यापलीकडे पॉलिनेशियन हॉटेलचा किनारा आहे, तिथून किल्ला लहान दिसतो, फटाके पूर्ण दिसतात आणि आवाज मऊ होऊन येतो. वर कान झाकणारे हेडफोन. गर्दीचा धक्का नाही. किल्ल्यावरची चित्रं तिथून दिसत नाहीत, म्हणजे सांजवात यांच्या हिशेबाने आम्ही अर्धाच शो बघतो. पण तो अर्धा मुलगा हसत बघतो.

एपकॉटमध्ये काय करावं, ते कुणी सांगेल का? डिसेंबरात जायचा विचार आहे. 'ल्युमिनस' फार मोठ्याने असतो का?

---

बाणवाला:

@कानात_बोळे, आवाज आहेच, पण तळं मोठं असल्याने अंतर ठेवता येतं. काठाच्या अगदी कठड्याशी जाऊ नका. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधला रस्ता किंवा कॅनडाच्या बाजूला थोडं मागे, जिथून चटकन बाहेर पडता येईल अशी जागा धरा. शेवटची दोन मिनिटं सगळ्यात जड असतात, बहुतेक शोंचं असंच असतं. ती सुरू व्हायच्या आत मागे सरकायचं आधीच ठरवून ठेवा. घरी यूट्यूबवर पूर्ण शो आधी दाखवलात तर पुढे काय येणार ते त्याला माहीत असेल, त्याने फरक पडतो असं आमच्या भाचीच्या बाबतीत दिसलं. डिसेंबरात तिथे गारठा असतो, तळ्यावर वारा लागतो, जाकीट न्या.

---

सांजवात:

@कानात_बोळे, आणि शो कसा आहे ते मी सांगते, कारण वर मी त्याला एका वाक्यात उडवून लावलं. 'ल्युमिनस' ५ डिसेंबर २०२३ ला आला. टॅको गेले, तळं पुन्हा मोकळं झालं, कारंजी आणि दिवे पाण्यालगत आहेत, त्यामुळे पुन्हा सगळ्या काठांवरून दिसतं. गोष्ट माणसाच्या आयुष्याची: जन्म, बालपण, प्रेम, ताटातूट, पुन्हा उभं राहणं. गाणी बहुतेक सिनेमांचीच, पण दोन नवीन आहेत. मधे ताटातुटीच्या जागी सगळे रंग उतरतात आणि वेग मंदावतो, तिथे मला बरं वाटलं. कारंजी सुरेख. माझी तक्रार अशी की आग नाही. जुन्या शोच्या ज्वाळांची धग गालावर जाणवायची, याचं सगळं पाणीच. पण तुमच्या मुलाला कदाचित हेच जास्त सोसेल.

---

चिंचोका:

म्हणजे 'तिघांची बेरीज' मधला एक आकडा सांजवातताईंनी गुपचूप वाढवला. नोंद घेतली आहे.

---

मिरचीकोथिंबीर:

😂 नोंद मीही घेतली. आमचं पुढच्या वसंतात जायचं चाललंय, या वेळी एक रात्र एपकॉटला देणार. मुलं मोआना कुठे म्हणून ओरडायला लागली तर त्यांना या धाग्याची लिंक दाखवेन आणि सांगेन, या काकूंना विचारा.

---

सांजवात:

पाठवा. मुलांना मी बघून घेते, तुम्ही फक्त तुमच्या ह्यांच्यासाठी रुमाल न्या.